अर्धा मुखवटा
इटलीतील पादुआ नगरात १५४५ साली आठ नटांनी रीतसर करारनामा करून मंडळी उभारली. अशाच मंडळ्यांतून फोफावलेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या प्रहसनात नटाच्या हाती केवळ कथानकाचा आराखडा असे, संवाद मात्र ऐनवेळी स्फुरत. आपल्या संगमनेर-अकोले भागातील विद्यार्थ्यास ते शिकवताना संगमनेरकडील तमाशातून आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. कारण गवळणीतील मावशी आणि वगातील सोंगाड्याही प्रेक्षकांचा रंग पाहूनच बोलतात. मुखवट्याचे उदाहरणही जवळच आहे: अकोले तालुक्याच्या आदिवासी मुलखातील ‘बोहाडा’ या मुखवटानृत्याच्या उत्सवात मुखवटा चेहरा झाकतो व देह नाचतो. याउलट ‘कोमेदिया’चा चामडी मुखवटा वरच्या ओठापाशी थांबून वाचा मोकळी ठेवतो. तो चढवताच डोळ्यांचे इशारे निरुपयोगी ठरतात, आणि ‘पंतालोने’ या कंजूष पात्राची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्यास बाकदार नाकासह सबंध मानच वळवावी लागते.