पॉइंट झिरो सेव्हन

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नारायणगावजवळच्या खोडदला शाळांची रीघ लागते. तिथल्या एका पोस्टरपुढे आंबेगावकडची एक मुलगी थांबली होती. क्वांटम जगात मोजमापानं वस्तूची अवस्थाच बदलते, असं त्यावर लिहिलं होतं. तिनं विचारलं, ‘‘मग एवढी मोठी दुर्बीण मोजते, तेव्हा काय काय बदलतं?’’ समजावून सांगणारा विद्यार्थी घुटमळला, मागून रांग रेटत होती, प्रश्न तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. गर्दी ओसरल्यावर मी परवानगी काढून पुन्हा खोडदला गेले.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ खोडदजवळ एकवटलेल्या, १६ तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. जाळीची भोकं दहा ते वीस मिलिमीटरची, त्यामुळे हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लाटेला ती अखंड आरशासारखीच.

फोन बंद करून नियंत्रण कक्षात गेले. रात्रपाळीचा ऑपरेटर पडद्यावरचे आलेख न्याहाळत होता. ठरावीक वेळानं सगळ्या अँटेना एका ओळखीच्या तेजस्वी स्रोताकडे वळतात, चुका तपासल्या जातात, मग परत मूळ लक्ष्याकडे. मी त्याला मुलीचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, ‘‘ताई, लाट तिथून कधीच निघालीय. आपण मोजलं काय, न मोजलं काय, त्या ताऱ्याला काय फरक पडणार?’’ बरोबरच होतं ते, पण अर्धंच. पुढचं उत्तर शेजारच्या इंजिनिअरनं दिलं : ‘‘इथं पोहोचलेल्या लाटेत बदल होतो. किती, सांगू? पॉइंट झिरो सेव्हन केल्विन.’’

हा आकडा समजून घ्यायला मला बराच वेळ लागला.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट काट्यावर चढतं. वजन आधीपासून असतं, काटा ते फक्त सांगतो. आधी वजन करा, मग लांबी मोजा, किंवा उलट, उत्तरं तीच. अभिजात भौतिकशास्त्रातलं मोजमाप असं असतं. इलेक्ट्रॉनच्या स्पिन या अंगभूत गुणधर्माचं तसं नाही. उभ्या दिशेनं मोजलं तर उत्तर ‘वर’ किंवा ‘खाली’, अधलंमधलं काही नाही. लगेच पुन्हा मोजा, तेच येईल. पण मध्ये एकदा आडव्या दिशेनं मोजलं की पहिलं उत्तर पुसलं जातं. पुन्हा उभं मोजाल तर निम्म्या वेळा ‘वर’, निम्म्या वेळा ‘खाली’. उपकरण कितीही चोख असलं तरी यातून सुटका नाही.

आता खोडदमध्ये काय चालतं बघा. प्रत्येक अँटेनात आलेली लाट वाढवतात, ऑप्टिकल फायबरवरून आणतात आणि बाकीच्या २९ अँटेनांशी एकेक करून ताडतात. एकूण ४३५ जोड्या. म्हणजे एकाच लाटेच्या २९ नकला, आणि क्वांटमचा नियम तर सांगतो की अज्ञात अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही! लाटेची उंची आणि तिची वेळ दोन्ही जपून तिला वाढवायचं, तर स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळावाच लागतो. गोंगाट तापमानाच्या एककात मोजला, तर २१ सेंटीमीटरच्या लाटेला ही किमान किंमत पडते पॉइंट झिरो सेव्हन केल्विन. आकाशाचा, जमिनीचा आणि यंत्रांचा गोंगाट त्याच्या शेकडो पट. क्वांटमचा कर खोडदलाही भरावा लागतो, पण त्या गलक्यात तो जाणवत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला हाच हिशेब लावला तर पॉइंट झिरो सेव्हनच्या जागी २८ हजार केल्विनहून जास्त येतात. त्या प्रकाशाचा एक फोटॉन २१ सेंटीमीटरच्या चारेक लाख फोटॉनांइतका ऊर्जावान. तिथं वाढवून २९ वाटे करायचे म्हटलं तर मंद ताऱ्याची खूण गोंगाटात बुडेल. प्रत्यक्ष प्रकाशच एकत्र आणून मिसळावा लागतो. म्हणून ‘लहान ते क्वांटम, मोठं ते अभिजात’ ही शाळेत शिकवली जाणारी विभागणी मला आता खटकते. लाट तीच विद्युतचुंबकीय, नियमही तेच. सीमा ठरते ती फोटॉनच्या ऊर्जेपुढे बाकीचा गोंगाट किती, यावर.

आणि ही २१ सेंटीमीटरची लाट जन्मते ती निखळ क्वांटम घटनेतून. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचे स्पिन समांतर असले आणि मग इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की २१ सेंटीमीटरचा फोटॉन सुटतो. एकट्या, धक्का न लागलेल्या अणूला यासाठी सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. कुठला अणू कधी उलटेल, हे सांगणं कुणालाच शक्य नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जीएमआरटीच्या निरीक्षणात एका दूरच्या दीर्घिकेतून अशीच लाट ८८० कोटी वर्षांचा प्रवास करून आली होती. विश्वाच्या प्रसरणानं ताणून ती ४८ सेंटीमीटरची झाली होती, आणि वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वानं तिला उजळवलं होतं. त्यातल्या एकाही अणूचं नाव-गाव कळलं नाही. त्या दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचं वस्तुमान मात्र मोजता आलं : तिथल्या ताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट.