घरच्या भिंतीवरचे चित्र आणि कॉपीराइट

सोनगीरच्या किल्ल्याचा फोटो कोणीही काढावा. किल्ल्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. पण दुसऱ्याने काढलेला किल्ल्याचा फोटो इंटरनेटवरून उतरवून मोठा छापून घेतला, तर मालकीचा प्रश्न येतो, कारण फोटो ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कलाकृती असते. तो दिवाणखान्यात लावायचा की चौकातल्या फ्लेक्सवर, यावर पुढचे बरेच काही ठरते.

1957 च्या कॉपीराइट कायद्यातले कलम 52 कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही ते सांगते. खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर त्यात अगदी सुरुवातीलाच येतो. स्वतःच्या घरात लावायला चित्राची एखादी प्रत काढणे साधारणपणे या सवलतीत बसते. मात्र चित्रकार त्याच चित्राच्या प्रती विकत असेल आणि ते पैसे वाचवायलाच नक्कल काढली, तर हा बचाव लंगडा पडतो. अमेरिकेतली न्यायालये कोणताही वापर चार कसोट्यांवर तपासतात. भारतात तो कायद्याने नेमून दिलेल्या हेतूंपैकी एखाद्यात बसावा लागतो.

हॉटेलची भिंत, दुकानाची पाटी, गणेशोत्सवाचा फ्लेक्स यांपैकी काहीच वैयक्तिक नाही. खाली ‘साभार’ छापण्याची प्रथा सौजन्याची खरी, पण त्याने परवानगी मिळत नाही. हक्कदाराची खूण म्हणून टाकलेला वॉटरमार्क जाणूनबुजून पुसणे हा तर 2012 च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे.

चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, म. वि. धुरंधर 1944 मध्ये. त्यांची चित्रे आता कोणीही छापावीत. दीनानाथ दलाल (मृत्यू 1971) यांच्या चित्रांवरचा हक्क 2031 अखेर, तर रघुवीर मुळगावकर (मृत्यू 1976) यांच्या चित्रांवरचा 2036 अखेर संपेल. जुन्या कॅलेंडरांवरच्या देवदेवता सगळ्यांच्या मालकीच्या वाटतात, ती समजूत इथे फसते.

फोटोंचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस 1989 मध्ये वारले. तेव्हाच्या नियमाने फोटोची मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रसिद्धीपासून मोजली जाई. 2012 च्या दुरुस्तीने फोटोही चित्रांच्या रांगेत आले. त्यामुळे 1951 पर्यंत प्रसिद्ध झालेले त्यांचे फोटो दुरुस्तीआधीच मुक्त झालेले असणार. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्यांचा हक्क सर्वसाधारणपणे 2049 अखेरपर्यंत चालेल.

स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा ग्राहक. लग्नाचा अल्बम असो, की सोनगीरच्या एखाद्या तांबटाने जाहिरातीसाठी काढून घेतलेले तांब्यापितळेच्या भांड्यांचे फोटो, नियम तोच. आजोबांचा जुना स्टुडिओतला फोटो वारसांनी पुन्हा छापून भिंतीवर लावायला स्टुडिओची संमती सहसा लागत नाही. उलट स्टुडिओने तोच फोटो नमुना म्हणून काचेत मांडायचा, तर त्यानेच घरच्यांना विचारायला हवे. छायाचित्रकाराकडे उरतो तो कलम 57 चा हक्क: फोटो आपला आहे हे सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा.