एक कोलन कमी पडला तर?

गेल्या वर्षी आमच्या लॅबमधला एक ज्युनिअर दोन दिवस डोकं धरून बसला होता. सीनिअरची जुनी आर स्क्रिप्ट, डेटा तोच, सीडही तोच, पण बूटस्ट्रॅपचे आकडे काही जुळेनात. प्रबंधात एक, स्क्रीनवर दुसरंच. आधी डेटावर संशय घेतला, मग बिचाऱ्या सीनिअरवर.

उत्तर आर ३.६.० च्या रिलीज नोट्समध्ये होतं. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या या आवृत्तीत सॅम्पल फंक्शनची निवड करायची पद्धत बदलली, कारण फार मोठ्या संचातून निवडताना जुनी पद्धत सगळ्यांना अगदी समान संधी देत नव्हती. तुम्हीही करून बघा. सीड १ ठेवा आणि १ ते १० मधून निवड करा. जुन्या आवृत्तीत पहिला आकडा ३ येतो, नव्या आवृत्तीत ९. सीड जुळलं की निकाल जुळणारच, हा आपला भाबडेपणा.

आता विचार करा, ती नोंद वाचकाला दिसलीच नसती तर?

असं होऊ शकतं, आणि तेही एका टंकनचुकीने. पायथॉनचं उदाहरण घेऊ. त्याचं डॉक्युमेंटेशन रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या मार्कअपमध्ये लिहितात आणि स्फिंक्स नावाचं टूल त्यातून वेबपानं तयार करतं. ‘या आवृत्तीत असा बदल झाला’ हे सांगण्यासाठी दोन टिंबं, स्पेस, मग व्हर्जनचेंज्ड हा शब्द, त्याला चिकटून दोन कोलन आणि आवृत्तीचा क्रमांक असं लिहावं लागतं. दोनऐवजी एकच कोलन पडला, तर ती ओळ आणि तिच्याखालचा आत सरकवलेला मजकूर, सगळं कॉमेंट समजलं जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. नोंद पानावरून गायब. अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या पुस्तकात छपाईची चूक निदान दिसते तरी, शेवटी शुद्धिपत्रही असतं. इथे चूक दिसतच नाही, कारण मजकूरच नसतो. स्फिंक्स-लिंट हे तपासणीचं टूल असे एकटे पडलेले कोलन मुद्दाम शोधतं ते याचसाठी.

बाकीच्या चुका एवढ्या घातक नसतात, पण त्रास देतात. कमांडमधले दोन हायफन कोड म्हणून खूण केलेले नसतील तर स्फिंक्स त्यांचा एक लांब डॅश करून टाकतं. तुम्ही ती कमांड कॉपी करता आणि टर्मिनल म्हणतं, हे काय आहे? ज्युपिटरमध्ये मार्कडाउन लिहून हाताला एका बॅकटिकची सवय लागते; इथे कोडसाठी दोन लागतात.

चूक सापडली की लगेच पुल रिक्वेस्ट पाठवायचा मोह होतो. मलाही झाला होता. एचटीटीपीच्या एका हेडरचं नाव ‘रेफरर’, पण स्पेलिंगमध्ये एक आर कमी. मी खुशीत दुरुस्ती केली, पाठवण्याआधी सहज शोधलं आणि हात आखडला. ती चूक १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्येच छापली गेली आणि तेव्हापासून तेच अधिकृत नाव आहे. मी ‘सुधारलेला’ नमुना वाचून कोणी कोड लिहिला असता तर तो चाललाच नसता. त्यामुळे आधी बघा, ती खरंच चूक आहे का. मुख्य ब्रँचमध्ये कोणी आधीच दुरुस्त केली आहे का. आणि बदल केल्यावर पान स्वतः बिल्ड करून डोळ्यांनी वाचा. पायथॉनमध्ये साध्या टंकनचुकीसाठी वेगळा इश्यू उघडावा लागत नाही, मात्र योगदानाचा करार एकदा सही करावा लागतो.

आणि कृपा करून, नुसती चांगली वाक्यं ‘अजून चांगली’ करू नका. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनची भाषांतरं होतात. २०१७ च्या पेप ५४५ ने त्याची पद्धत घालून दिली. मूळ इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम हलला तरी भाषांतरकारांच्या फाइलमध्ये त्या वाक्यावर ‘फझी’ असा शिक्का बसतो आणि कोणाला तरी ते पुन्हा तपासावं लागतं. तो कोणीतरी बहुधा तुमच्याआमच्यासारखाच फुकट काम करणारा असतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी फायलींत उगाच शब्द घुसवले, मेंटेनर वैतागले आणि शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेच सहभागी धरावे लागले.

वर्णनात फार लिहू नका. ‘व्हर्जनचेंज्डपुढे एक कोलन कमी होता, त्यामुळे नोंद पानावर दिसत नव्हती; बिल्ड करून पाहिलं, आता दिसते.’ एवढं वाचून रिव्ह्यूअरला मिनिटभरात निर्णय घेता येतो.