खार कोणत्या महिन्यात मोजायची?

पनवेलच्या खाडीकाठच्या जमिनीला गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या खुणांवरून ओळखले. कायद्याने तिच्याभोवतीचा बांध पाहिला, प्रयोगशाळेने तिच्यातले मीठ मोजले, शेतकऱ्याने पाऊस किती पडून गेला हे बघून मोड आलेल्या बियांचा रहू टाकला आणि शहर वसवणाऱ्यांना ती महानगराच्या कुशीतली सखल, मोकळी जागा दिसली. यांतली एकही नजर खोटी म्हणता येत नाही. अडचण अशी की त्या कधी एकाच कागदावर आल्या नाहीत. खारीची ओळख एका आकड्यात मावत नाही. महिना कोणता आणि बांध कसा आहे, हे त्या आकड्याशेजारी लिहिले तरच त्याला अर्थ येतो. पनवेलचा इतिहास उलगडून पाहिला की हे म्हणणे बऱ्यापैकी सिद्ध होते, आणि ते डावलल्याने काय झाले तेही दिसते.

जुन्या महसुली दप्तरांत भातजमिनीचे दोन ठळक भेद होते: गोडी आणि खारपाट. १८८२ च्या गॅझेटियरात पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत होता. पुढे तो कुलाब्यात गेला, आणि १९८१ पासून कुलाब्याचाच रायगड झाला. कुलाब्याकडे शिलोत्री नावाची एक वहिवाट होती. समुद्राकडचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला आतल्या पिकावर ठरावीक हक्क मिळे. सारा जमिनीचा, पण हिशेब बांधाचा. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि त्यानंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा यांनीही तीच वाट धरली. समुद्रापासून किंवा भरतीच्या नदीपासून बांध घालून राखलेली जमीन ती खार, मग तिला खाजण म्हणा की खारेपाट. या व्याख्येत क्षारांचा एकही आकडा नाही. कायद्याच्या भाषेत हे अशास्त्रीय वाटेल, पण मृदाशास्त्र ज्याला भूरूप म्हणते त्याचाच हा विचार होता, फक्त तो वकिलांनी लिहिला होता.

प्रयोगशाळेची नजर नंतर आली. अमेरिकेतल्या रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये ‘हँडबुक ६०’ प्रसिद्ध केले आणि जगभर त्यातल्याच कसोट्या रूढ झाल्या. माती पाण्याने पूर्ण भिजवून लगदा करायचा, त्याचा अर्क ओढून घ्यायचा आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. ती दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण होण्याच्या मार्गावर. खाडीकाठच्या मातीत मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडे व सल्फेटे सापडतात, म्हणजे समुद्राचेच मीठ. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेला चिकण गाळ हे मीठ धरून ठेवतो. भिजला की फुगतो, पाणी खाली झिरपू देत नाही आणि उन्हात वाळला की खोल भेगाळतो.

खरा पेच इथून सुरू होतो. पिकांच्या क्षारसहनशीलतेचे जे कोष्टक १९७७ पासून सर्वत्र वापरले जाते, त्यात भाताची मर्यादा ३ डेसिसीमेन्स आहे आणि तिच्या वरच्या प्रत्येक एककाला उत्पन्न १२ टक्क्यांनी घटते. साधा गुणाकार केला तर ६ वर एकतृतीयांशाहून अधिक पीक बुडते आणि साडेअकराला ते शून्यावर येते. समजा, एखाद्या खारीतून मे महिन्यात नमुना घेतला आणि आकडा १२ आला. कागदावर तिथे भाताची एक लोंबीही यायला नको. पण पाऊस लागून महिना उलटला की त्याच जमिनीत भात उभा राहतो, आणि पिढ्यानपिढ्या राहिलेला आहे. कोष्टक चुकलेले नाही, आकडाही चुकलेला नाही. मेमधला आकडा ऑगस्टमधल्या पिकाला लावला, एवढेच चुकले.

हवामान इथे नुसती पार्श्वभूमी म्हणून राहत नाही, ते मातीचाच एक घटक होते. पनवेल परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मीठ धुण्याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: जितकी खोल माती, तितक्याच खोलीचे पाणी तिच्यातून आरपार गेले तर सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार निघून जातात. दोन फूट मातीला ६०० मिलिमीटर पुरतात. त्या हिशेबाने पनवेलचा पाऊस अशी माती पाच वेळा धुऊन काढील. तरीही खार ही खारच राहते, कारण पाणी आरपार जातच नाही. खाली चिकण थर, त्याखाली हात-दोन हातांवर खारे भूजल, आणि बाहेर खाडी. पावसाने वरचा थर तेवढा धुऊन गोड होतो आणि भाताच्या उथळ मुळांना तेवढा पुरतो. ऑक्टोबरपासून मात्र आठ कोरडे महिने. जमिनीच्या पोटातले पाणी केशाकर्षणाने वर चढते, पृष्ठभागावर उडून जाते आणि मीठ मागे टाकते. कापणीनंतर पेंढ्याच्या खुंटांभोवती जो पांढरा थर दिसू लागतो, त्याला गावात मीठ फुटले म्हणतात. म्हणजे मिठाचा साठा वर्षभरात फारसा बदलत नाही. फक्त त्याची जागा खालीवर होते.

हे खालीवर होणे कुठे किती, ते ठरते उतारावर. माथेरानच्या जांभ्याच्या माथ्यापासून पनवेल खाडीपर्यंत सरळ रेषेत वीसेक किलोमीटर अंतर, आणि तेवढ्यात आठशे मीटरांचा उतार. माथ्यावर पाण्याने निचरून तांबडी झालेली माती, उतारावर वरकसाची उथळ दगडाळ जमीन, पायथ्याशी गोडी भातखाचरे आणि शेवटी खार. गाढी नदी हा सगळा प्रवास करून खाडीला मिळते. वरून आलेला गाळ आणि समोरून आलेले मीठ यांची भेट जिथे होते तिथे ही माती घडते. त्यामुळे दोन खारी शेजारी असूनही सारख्या नसतात. एकीतून पाणी वाहून जाते, दुसरीत साचते. बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, फळी ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते. उधाणाला या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस आला तर आतले पाणी तासन्‌तास आतच राहते. आणि बांधाला खांड गेली की सगळाच हिशेब पालटतो. दोन-तीन पावसाळ्यांची धुलाई एका उधाणात वाया जाते. खांड तशीच राहिली तर काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. मग ती जमीन शेतीची राहत नाही. कांदळवन म्हणून तिला संरक्षण मिळते आणि सातबाऱ्यावरचा मालक बांधाच्या अलीकडे उभा राहून बघतो. कांदळवन राखायलाच हवे, त्यात वाद नाही. पण बांध कुणी फुटू दिला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखालच्या या केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे क्षारसहनशील भाताचे वाण दिले. त्याआधीपासून काळा राता आणि भुरा राता हे तांबड्या तांदळाचे वाण या जमिनींत होतेच. मोड आलेले बी चिखलात फेकून ते पेरले जात. वाणनिवड म्हणजे एका अर्थी मातीचेच वर्णन. रोप कोवळे असताना किती मीठ सोसते आणि फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लवकर सरला तर किती, हे ज्याने पाहिले त्याला सरासरी आकड्याचा उपयोग किती मर्यादित आहे ते सांगावे लागत नाही. रोपाने दिलेले हे उत्तर मात्र मातीच्या नकाशांपर्यंत पोहोचले नाही.

नकाशांची स्वतःची मर्यादा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने महाराष्ट्राच्या मातीचे नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणात केले. राज्यासाठी ते मोलाचेच काम. पण या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. उघाडीजवळची खार आणि तिच्यामागची गोडी खाचरे त्यात एकाच रंगात बुडतात. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेने शेत जवळून पाहिले खरे, तरी तिचा नमुना पीक निघाल्यावर, शेत मोकळे असताना घ्यायचा असतो. कोकणातल्या खारीत शेत मोकळे असते तेव्हाच मीठ वर आलेले असते. शिवाय नेहमीच्या तपासणीत वाहकता पातळ द्रावणात मोजतात, संपृक्त लगद्याच्या अर्कात नाही. दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणारा फसतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो शास्त्रज्ञांकडून. नमुना एकाच ठरलेल्या वेळी घेतला नाही तर गावागावांची, वर्षावर्षांची तुलना कशी करणार? आक्षेप रास्त आहे, आणि तुलनेसाठी मे महिनाच योग्य, कारण तेव्हा माती सर्वांत खारी असते. पण तुलनेचा आकडा आणि वापराचा आकडा वेगळे ठेवावे लागतात. हे काही गावठी शहाणपण नाही. अमेरिकी वर्गीकरणात लवणथर ठरवण्यासाठी वाहकता ३० च्या वर हवी एवढेच म्हटलेले नाही. सामान्य वर्षांत ती सलग ९० दिवस तशी राहिली पाहिजे, अशी अट आहे. ज्या शास्त्राच्या व्याख्येतच कालावधी आहे, त्याच्या नावाने महिना गाळलेले अहवाल खपवू नयेत. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: शेतकऱ्याला हे सगळे ठाऊकच होते, प्रयोगशाळा हवी कशाला? ठाऊक होते, पण आपल्या बांधाआतले आणि बांध धड असतानाचे. खांड बुजवल्यावर मीठ किती खोल उतरले आहे आणि किती पावसाळे थांबावे लागेल, हे चवीने किंवा पांढऱ्या थरावरून कळत नाही. नुकसानभरपाईच्या दारात तर अनुभवापेक्षा अहवालच चालतो.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा, आणि तो पनवेलपुरता खरा आहे. शहर वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात माणसे गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले, भरावाने सखल भूमी उचलली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या शहराच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. खारच उरली नाही, तर तिच्या ओळखीची चर्चा कशाला? एक तर भरावाखालचे मीठ कुठे जात नाही; क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईला खाते आणि मऊ चिखल ओझ्याने खचत राहतो, म्हणून इमारतीच्या पायालाही याच माहितीची गरज लागते. दुसरे म्हणजे भराव पडतो एका सर्व्हे नंबरात, पण निचरा बदलतो शेजारच्यांचा. काल ज्या खारीचे पाणी सहा तासांत उघाडीतून जात होते, ते आज कुठल्या तरी नाल्यात तुंबते. मातीचा नमुना कालचाच असला तरी माती आता वेगळी आहे. आणि तिसरे, खार संपलेली नाही. उरण, पेण, अलिबागकडे ती अजून पिकते, आणि पुढचा भराव तिथेच येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा या तालुक्यांतल्या खारीचा नमुना जो कोणी घेईल, विद्यापीठ असो, कृषी खाते असो की भूसंपादनाचा सर्वेक्षक, त्याने तो मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा तीन वेळा घ्यावा. भूजल किती खोलीवर लागले आणि जागा उधाणाच्या पाण्यापेक्षा किती उंच किंवा सखल आहे ते नोंदवावे. आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहावे की त्या दिवशी बांध धड होता की फुटलेला.