श्वास सोडतानाही ताजी हवा

हिवाळ्यात उजनी, जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. उड्डाणात त्यांनी ७,००० मीटरची उंची ओलांडल्याची नोंद आहे. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी! मग हे पक्षी तिथे श्वास घेतात तरी कसा?

पक्ष्यांना श्वासपटल नसते, फुप्फुसेही फारशी फुगत नाहीत. भात्याचे काम करतात वायुकोश. ते सहसा नऊ असतात आणि काही तर थेट पोकळ हाडांत शिरलेले. पहिल्या श्वासात बरीचशी हवा मागच्या कोशांत जाते, उच्छ्वासात फुप्फुसात, दुसऱ्या श्वासात पुढच्या कोशांत आणि मग कुठे बाहेर. फुप्फुसातला प्रवाह कायम एकाच दिशेचा. माणसाच्या फुप्फुसात मात्र शिळी हवा ताजीत मिसळतेच.

अमेरिकन ॲलिगेटरमध्येही असाच एकदिशा प्रवाह असल्याचे २०१० मध्ये दिसून आले.