भावंडांचे नाते आणि आठवणींची वही



आईवडिलांच्या खालोखाल मुलाचा सर्वांत जवळचा सोबती म्हणजे त्याचे भावंड होय. एका ताटात जेवणे, एका वाकळेत निजणे, एकमेकांचे कपडे वापरणे या सहवासातून वाटून घेणे, पाळीची वाट पाहणे, रुसणे आणि समजूत काढणे हे धडे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच गिरवीत असते. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही होते. परंतु ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत धाकट्या मुक्ताबाईंनी काढली, अशी परंपरेची कथा आहे. थोरल्याने शिकवावे तसे धाकट्यानेही शिकवावे, हा तिचा बोध आपल्या वर्गासही लागू पडतो.

आठवणींचा ठेवा

मोठेपणी बहुतेक माणसांस आपल्या वयाच्या पहिल्या तीन वर्षांतील काही आठवत नाही. आपण बोबडे काय बोलत होतो, पहिल्यांदा चाललो तेव्हा कोठे पडलो, हे आपणांस दुसऱ्यांनीच सांगितलेले असते. म्हणजे धाकट्याच्या आयुष्याची पहिली पाने थोरल्या बहिणीच्या किंवा भावाच्या स्मरणात जपलेली असतात. ती वेळीच सांगितली गेली नाहीत, तर पुढे ती कोणाच्याच हाती लागत नाहीत.

या सांगण्याचा शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. ज्या घरी घडून गेलेल्या प्रसंगांविषयी मुलांशी सविस्तर बोलणे होते, ‘मग काय झाले?’, ‘तुला काय वाटले?’ असे मोकळे प्रश्न विचारले जातात, त्या घरची मुले प्रसंग अधिक क्रमवार व तपशिलाने सांगतात, असे बालमानसशास्त्राच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. निबंधलेखनाची पूर्वतयारी याहून निराळी ती काय?

वही कशी करावी

यासाठी ‘घरच्या आठवणींची वही’ हा उपक्रम सुचवावासा वाटतो. त्यास खर्च नाही. एका घरच्या सर्व भावंडांची मिळून एकच वही असावी.

१. विषय साधे निवडावेत. दिवाळीत मिळून केलेला मातीचा किल्ला, पोळ्याचे मातीचे बैल, गाय व्याली ती रात्र, पहिल्या पावसात गळलेले छप्पर. यात्रा किंवा लग्न यांसारखा मोठा प्रसंगच पाहिजे असे नाही.

२. प्रथम धाकट्याने सांगावे, मग थोरल्याने भर घालावी. दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहून ठेवावे. खरे कोणाचे याचा निवाडा शिक्षकाने करू नये.

३. पहिली-दुसरीच्या मुलाने चित्र काढावे, चौथी-पाचवीच्या मुलाने लिहावे. शब्द घरच्या बोलीतलेच राहू द्यावेत.

४. एकुलत्या मुलास चुलत, मावस अथवा शेजारचे भावंड जोडून द्यावे. ज्याचे भावंड दगावले आहे किंवा घर दुभंगले आहे, त्याच्यावर या विषयाची सक्ती नको. कोणतीही वही मुलाच्या संमतीवाचून वर्गात वाचू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत या वहीचे मोल अधिक आहे. दिवाळीनंतर अनेक आईवडील पाच-सहा महिने कारखान्याकडे जातात. काही भावंडे आजीजवळ राहतात, काही कोपीवर जातात. त्या काळात दोन्हीकडे एकेक वही चालू ठेवावी आणि परतल्यावर ती एकमेकांस वाचून दाखवावी. ताटातूट झालेल्या भावंडांस त्या हंगामातील एकमेकांचे दिवस त्यायोगे परत मिळतात.

ताईची गैरहजेरी

येथे एका कठीण गोष्टीकडे लक्ष वेधणे प्राप्त आहे. हजेरीपत्रकावर जिच्या नावापुढे वारंवार गैरहजेरी पडते, ती मुलगी पुष्कळदा घरी धाकट्यास सांभाळीत असते. ‘किती मायाळू पोर!’ असे कौतुक करून आपण हा प्रश्न सोडून देऊ नये. माया खरी असते आणि बुडालेली शाळाही खरीच असते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आहे. भावंडे सांभाळण्याच्या कामाने तो हक्क हिरावला जाता कामा नये.

हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. थोरले मूल शाळेत यावयाचे तर त्याच्या कडेवरच्या भावंडाचीही सोय झाली पाहिजे, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घातली. आज गावोगावी अंगणवाडी आहे. तीन ते सहा वर्षांची मुले तेथे नियमित जावीत व तिच्या आणि शाळेच्या वेळा शक्य तेथे जुळाव्यात, यासाठी सेविकाताईंशी व मातांशी बोलावे. त्याहून लहान मूल असेल तर आजी, काकू किंवा शेजारीण यांपैकी कोण सांभाळील, हे पालकांबरोबर बसून ठरवावे. जबाबदारी बहिणीइतकीच भावाचीही आहे, हेही पालकसभेत सांगावे.

तुलना टाळावी

‘तुझी ताई किती हुशार होती, आणि तू?’ हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. त्याने धाकट्याचा अभ्यास सुधारत नाही. ताईविषयी मात्र मनात अढी बसते. त्याऐवजी ताईसच धाकट्याचे पाढे घ्यावयास सांगावे. शिकविताना तिचेही पाढे पक्के होतात.

तरी येत्या शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मुलांच्या संमतीने भरलेल्या दोन वह्या आणाव्यात. त्यांबरोबर भावंडे सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलांची यादी आणि त्या प्रत्येकासाठी काय केले याची नोंदही आणावी. वह्यांचे कौतुक आपण सर्व मिळून करू. परंतु प्रथम यादी वाचू.