चार चालींचा खेळ आणि डोक्याची जागा

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. पहाटेचे पाच वाजले होते. आम्ही सुरगाण्याला बहिणीच्या घरी मुक्कामी होतो. बाहेर अंधार आणि चांगलीच थंडी. बहिणीने चहा ठेवला होता. मोठा भाचा मोबाईल खिडकीत टेकवून बसला होता, कारण त्या घरात नेटवर्क धरते ते फक्त खिडकीत. अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि तिथल्या फुटबॉलचा वर्षातला सर्वांत मोठा सामना सुरू होत होता. त्याला सुपर बोल म्हणतात.

भाचा नाशिकला एका कंपनीत रात्रपाळी करतो. काम फोनवरचे आणि गिऱ्हाईक अमेरिकेचे. तो म्हणाला, "मामा, सोमवारी तिकडची माणसं कामाआधी खेळाचं बोलतात. पहिल्या वर्षी मी नुसता हो-हो म्हणायचो. मग ठरवलं, हा खेळ शिकायचाच."

बहीण पडद्याकडे बघून म्हणाली, "फुटबॉल म्हणतात आणि चेंडू तर हातात! पाय कुठं लागतो याला?"

आमचीही तीच गत. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या बांधलेली दांडगी माणसे एकमेकांवर आदळत. पाच-सहा सेकंदांत शिटी वाजे. मग बराच वेळ नुसती उभी राहात, कुजबुजत. पुन्हा आदळत. ही काय धक्काबुक्की, असे आम्ही बोलूनही गेलो. भाच्याने खडू घेतला आणि फरशीवर रेघा ओढल्या. "मामा, कबड्डी डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे सगळं कळेल."

त्याने जे सांगितले ते वाचकांसाठी देत आहोत. घरात मुले असतील तर त्यांना जवळ बसवून वाचावे.

मैदान आणि माणसे

मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची आणखी एकेक पट्टी. ती त्या त्या संघाचे घर समजावे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून किंवा हवेतून झेलून समोरच्याच्या घरात न्यायचा, एवढेच या खेळाचे मूळ.

एका वेळी दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा माणसे मैदानात असतात. पण चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला की दोन्ही संघ आपली माणसे बदलतात. लाथ मारायची वेळ आली की तिसरीच तुकडी येते. म्हणून एका संघात पन्नासच्या आसपास खेळाडू लागतात. खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. पण घड्याळ सारखे थांबते, त्यामुळे सामना तीन तासांवर चालतो.

दहा यार्ड, चार चाली

आता खेळाचा गाभा. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार चाली मिळतात. तिकडे चालीला डाउन म्हणतात. या चार चालींत निदान दहा यार्ड पुढे जायचे. दहा यार्ड म्हणजे पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाच्या रुंदीपेक्षा थोडे कमी. चेंडूवाल्याला पाडले की चाल संपली. जिथे पाडले तिथून पुढची चाल. दहा यार्ड पुरे झाले की नव्या चार चाली. असे दहा-दहा यार्ड खात समोरच्याच्या घरापर्यंत जायचे.

पडद्यावर आकडे दिसतात. '३ आणि ७' म्हणजे तिसरी चाल आणि सात यार्ड बाकी. हे आकडे वाचता आले की निम्मा खेळ कळला.

चेंडू पुढे नेण्याचे दोन मार्ग. एक, काखेत घट्ट धरून पळायचे. दुसरा, पुढे पळणाऱ्या सोबत्याकडे फेकायचा. पुढे फेकणे एका चालीत एकदाच, आणि तेही चाल जिथून सुरू झाली त्या रेघेच्या मागूनच. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, जमिनीला लागला, तर चाल फुकट. चेंडू होता त्या जागी परत. आणि समोरच्याने झेलला तर चेंडू त्याचा झाला.

चौथ्या चालीचे दुखणे

प्रो कबड्डी बघणाऱ्यांना 'करो या मरो' चढाई ठाऊक आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. इथे ती वेळ चौथ्या चालीला येते. चौथ्या चालीतही दहा यार्ड पुरे झाले नाहीत तर चेंडू आहे त्या जागी समोरच्याला द्यावा लागतो.

तेव्हा संघापुढे तीन वाटा असतात. समोरचे घर जवळ असेल तर लाथ मारून चेंडू दोन उंच खांबांमधून काढायचा आणि तीन गुण घ्यायचे. घर लांब असेल तर चेंडू लाथेने दूर उडवायचा, म्हणजे समोरच्याला लांबून सुरुवात करावी लागेल. आणि छाती असेल तर चौथी चालही खेळायची.

गुणांचा हिशोब सोपा आहे. चेंडू घरात नेला तर सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून काढला तर वरचा एक, किंवा लाथ न मारता पुन्हा एकदा घरात घुसून दाखवले तर दोन. चेंडूवाल्याला त्याच्याच घरात पाडले तर पाडणाऱ्या संघाला दोन. चूक झाली की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि पाच-दहा यार्डांचा दंड होतो.

आदळणे दिसते, विचार दिसत नाही

आम्ही विचारले, "मग मधे एवढा वेळ कुजबुजतात काय?" भाचा हसला. "मामा, खेळ तिथंच आहे."

प्रत्येक चालीआधी चढाईचा संघ ठरवतो, पळायचे की फेकायचे. बचावाचा संघ तेच ओळखायला बघतो. तिसरी चाल आणि एकच यार्ड बाकी असेल तर बहुधा पळतील, म्हणून बचाववाले पुढे गर्दी करतात. तिसरी चाल आणि नऊ यार्ड बाकी असतील तर बहुधा फेकतील, म्हणून ते मागे पांगतात. हुशार संघ याचाच फायदा घेतो. पळण्याचा देखावा करून सगळ्यांना पुढे ओढतो आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून मागे फेकतो. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकून उजवीकडे पाय टाकतो, तसेच हे.

घड्याळाचेही राजकारण असते. फेकलेला चेंडू जमिनीला लागला की घड्याळ थांबते. पळणाऱ्याला मैदानात पाडले तर ते चालूच राहते. म्हणून शेवटी पुढे असलेला संघ पळत राहतो आणि वेळ खातो. मागे पडलेला संघ फेकत राहतो आणि वेळ वाचवतो.

त्या पहाटे फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी यांचा सामना होता. फिलाडेल्फियाचा पहिला टचडाउन कसा झाला ते पाहा. एकच यार्ड उरले होते. चेंडूवाला जालेन हर्ट्स समोरच्या भिंतीत घुसला आणि सोबत्यांनी त्याला मागून ढकलून पार केले. चिखलात रुतलेली जीप ढकलतात तसे. ही झाली ताकद. पण सामना जिंकला तो विचाराने. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स नामांकित फेकणारा. त्याच्यावर दाब टाकायला फिलाडेल्फियाने सामनाभर चारच माणसे पाठवली आणि सात मागे राखली. चौघांनीच त्याला सहा वेळा चेंडू फेकण्याआधी लोळवले. ज्याच्याकडे फेकावे तो मोकळा सापडेना. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. आम्ही त्या चार माणसांकडे बघायला शिकलो तेव्हा बाहेर चांगले उजाडले होते.

डोक्याची जागा

हर्ट्स आणि माहोम्स ज्या जागी खेळतात तिला क्वार्टरबॅक म्हणतात. चढाईची जवळजवळ प्रत्येक चाल याच्या हातून सुरू होते. प्रशिक्षकाचा निरोप याच्या शिरस्त्राणातल्या यंत्रावर येतो. तो सोबत्यांना चाल सांगतो, समोरची मांडणी वाचतो, गरज पडली तर ऐनवेळी चाल बदलतो. अकरा जणांचे डोके म्हणजे हा माणूस.

हर्ट्स आणि माहोम्स दोघेही कृष्णवर्णीय. आज ते कोणाला नवल वाटत नाही. पण या जागेचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

१९३४ ते १९४५ या बारा हंगामांत तिथल्या मुख्य लीगमध्ये, एनएफएलमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियम लिहिलेला नव्हता, पण दार बंद होते. १९४६ साली रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याने तिथले कॉलिझियम मैदान मागितले. मैदान सार्वजनिक मालकीचे. कृष्णवर्णीय पत्रकारांनी मैदानाच्या समितीपुढे जाऊन विचारले, आमच्याही कराच्या पैशावर चाललेले मैदान आम्हाला वगळणाऱ्या संघाला कसे देता? रॅम्सला केनी वॉशिंग्टन यांना संघात घ्यावे लागले. दार उघडले. आपल्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सार्वजनिक पैशाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करा, हा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात झाला होता, आणि त्याच्याच पाठबळावर १९२७ साली महाडचा सत्याग्रह उभा राहिला. १९४६ सालीच बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाविषयी विचारणा केली होती.

मैदानात येऊ दिले, पण डोक्याची जागा दिली नाही. हे लोक पळतात चांगले, विचार यांना जमायचा नाही, असे संघांचे मालक आणि प्रशिक्षक धरून चालत. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलाला मोठ्या संघात पळायला किंवा झेलायला लावीत. १९६८ साली डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को या जागी चांगला खेळला. पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघात झेलण्याच्या जागेवर जावे लागले. वॉरेन मून याला १९७८ साली कोणत्याच संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथली मोठी स्पर्धा ओळीने पाच वर्षे संघाला जिंकून दिली, तेव्हा कुठे १९८४ साली त्याला अमेरिकेत जागा मिळाली.

मग ३१ जानेवारी १९८८ उजाडला. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स वॉशिंग्टनकडून उतरला. डेन्व्हर १०-० पुढे गेले. विल्यम्सचा गुडघा दुखावला. तो उठून परत आला आणि सामन्याच्या दुसऱ्या भागात, एकट्या पंधरा मिनिटांच्या खेळात, त्याने चार टचडाउन फेकले. वॉशिंग्टन ४२-१० ने जिंकले आणि सर्वोत्तम खेळाडू विल्यम्स ठरला. पण सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असायला २०२३ साल उजाडावे लागले. तेही हर्ट्स आणि माहोम्सच होते.

आपल्याकडे हे घडले नाही का? पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून मैदानात त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही. घाम तुम्ही गाळा, निर्णय आम्ही घेऊ, ही रीत दोन्ही देशांत सारखीच होती.

आपल्या मैदानावर

एवढे गाद्या-शिरस्त्राण आपल्या मुलांना कुठून आणायचे? आणावेतही असे नाही. डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदूचे आजार झाले म्हणून हजारो माजी खेळाडूंनी लीगवर दावे केले आणि लीगला भरपाई मान्य करावी लागली. आपल्या देशात २०१२ च्या सुमारास या खेळाची लीग निघाली होती, पुणे आणि मुंबईचेही संघ होते, पण ती रुजली नाही.

मात्र याच खेळाचा एक साधा भाऊ आहे, फ्लॅग फुटबॉल. पाडापाडी नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्ट्या लावलेल्या असतात. चेंडूवाल्याची पट्टी ओढली की चाल संपली. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. मैदान ५० यार्ड लांब, २५ रुंद, आणि टोकांना घरे. चार चालींत अर्धे मैदान गाठायचे, पुढच्या चारांत घर. हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुलगे आणि मुली दोघांसाठी घेतला गेला. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या बैठकीतच झाला.

सुरगाणा तालुका तसा खेळाडूंचा. इथल्या अलंगुण गावच्या मुलामुलींनी खो-खोत राज्याच्या संघापर्यंत मजल मारली आहे. पळणे, हूल देणे, ऐनवेळी वळणे या मुलांना शिकवावे लागत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी बहिणीने जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून दिल्या. गल्लीतली दहा पोरे जमली. चेंडू साधा रबरी होता, रेघा चुन्याच्या. पहिल्या तीन चाली नुसता गोंधळ झाला. मग आठवीतली धाकटी भाची पुढे आली. मोठ्या भावाच्या हातातून चेंडू घेत म्हणाली, "तू पळ. चाल मी सांगते."

तिने सगळ्यांना गोल उभे केले आणि डोकी खाली घालून कुजबूज सुरू झाली. ती काय सांगते आहे ते आम्हाला लांबून ऐकू आले नाही. पण चौथ्या चालीला सगळे डावीकडे धावले आणि चेंडू उजवीकडे, एकट्या उभ्या असलेल्या पोराच्या हातात जाऊन पडला.